वाल पाणी पितो कुठून?

ऑक्टोबर सरता सरता भात कापून खळ्यावर जातं आणि रायगडातल्या खाचरांत उरतात नुसती धसकटं. पुढचा भरवशाचा पाऊस थेट जूनमध्ये. तरीही शेतकरी तिथे वाल पेरतो आणि जानेवारीत शेंगा तोडतो. मधल्या काळात तांब्याभर पाणीही कुणी घालत नाही. मग हे पीक पितं काय?

जुलैचा पाऊस! चार महिने कोसळलेलं सगळंच पाणी समुद्राला मिळत नाही. बरंचसं मातीच्या बारीक छिद्रांत अडकून राहतं. फक्त वेळ साधावी लागते. चिखलात पेरलं तर बी कुजतं, जमीन कडक झाली तर रुजत नाही. या दोहोंमधली नेमकी घडी म्हणजे वाफसा: माती मुठीत दाबली की गोळा होतो, खाली टाकला की फुटतो. अशा वेळी पेरलेल्या वालाचं मूळ ओलीचा माग काढत खोल उतरत जातं. वर जमीन तडकलेली, खाली रोपाचं पाणी पिणं चालूच.

बरं, पाण्याचं भागलं. खताचं काय? भाताने जमिनीतला नायट्रोजन आधीच ओरपलेला. हवेत तो ७८ टक्के आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की त्यापासून अमोनिया करायला खत कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. वालाच्या मुळांशी तेच काम पौषाच्या गारव्यात चालतं, धूर नाही की आवाज नाही!

करतात अर्थात जिवाणू. मूळ मातीत काही रसायनं सोडतं, जिवाणू ती ओळखून उलट निरोप धाडतात. मग मुळावरचा केसाएवढा तंतू वळतो, त्यांना आत घेतो आणि तिथे गाठ धरते. एखादं रोप अलगद उपटून मुळं धुवा, ताजी गाठ नखाने फोडा. आत चक्क लालसर गुलाबी रंग! तो लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या प्रथिनाचा. झाडाला ते कशाला हवं? नायट्रोजन फोडणारं विकर ऑक्सिजनचा स्पर्श झाला की निकामी होतं, आणि जिवाणूंना तर श्वासाला ऑक्सिजन हवाच. तेव्हा हे प्रथिन रेशन दुकानदारासारखं मोजून मापून ऑक्सिजन वाटतं. १८८८मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी गाठींचं हे नायट्रोजन मिळवण्याचं काम सिद्ध केलं. वाल त्याच्या कितीतरी आधीपासून ताटात होता.

मात्र वालामुळे शेत आपोआप खतवतं, असं कुणी सांगितलं तर निम्मंच खरं माना. बराचसा नायट्रोजन शेंगांबरोबर आपण घरी नेतो. शेताला मिळतात मुळं, गळलेला पाला आणि वेल खाल्लेल्या गुरांचं शेण.

घरी आलेल्या शेंगांची आधी पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ, ओवा, कोवळ्या शेंगा. तोंड पाल्यानेच गच्च बंद, मडकं पालथं आणि भोवती जाळ. भांबुर्डा त्याच हंगामात बांधावर आपसूक उगवतो, हेही एक नवलच. पाणी इथेही घालायचं नाही. शेंगा आपल्याच ओलाव्याच्या वाफेवर शिजतात, आणि तो ओलावा जुलैचाच.