टेललाईटवरचा काळा कोट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेललाईटच्या लाल आवरणावर धुरकट काळा, अर्धपारदर्शक स्प्रे मारून तो गडद करण्याला गॅरेजच्या भाषेत 'लाईट स्मोक करणे' म्हणतात. स्प्रेचा डबा काही शे रुपयांत मिळतो, मास्किंग टेप आणि वॉटर पेपर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात असतो आणि रविवारची एक दुपार कामाला पुरते. पांढऱ्या गाडीला त्याने रुबाब येतो, हेही खरे. अडचण आहे ती त्यानंतर हमखास ऐकू येणाऱ्या वाक्यात: "ब्रेक दाबला की लाईट दिसतो ना? मग झालं तर."

गैरसमज: ब्रेक दाबल्यावर दिवा दिसतो, म्हणजे तो पुरेसा आहे

ही खात्री कशी करून घेतली जाते, ते आधी पाहावे. शेवटचा कोट वाळेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. एक जण गाडीत बसून ब्रेकवर पाय ठेवतो. दुसरा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच-सहा मीटर मागे उभा राहून मोबाईलवर फोटो काढतो. फोटोत काळ्याभोर आवरणातून लाल दिवा निखाऱ्यासारखा उठून दिसतो, पूर्वीपेक्षाही झोकात. फोटो खोटा नसतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. न लागलेला दिवा आता काळा दिसत असल्यामुळे लागलेला त्या मानाने जास्त उजळ वाटतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते आणि मोबाईलचा कॅमेरा अंधार पाहून एक्सपोजर आपणहून वाढवतो.

रस्त्यावर यातले काहीच नसते. मागच्या चालकाला तो दिवा शंभर-सव्वाशे मीटरवरून, तोही भर दुपारी ओळखायचा असतो. दिव्यापासून डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सहा मीटरचे अंतर १२० मीटर झाले, म्हणजे वीसपट वाढले, की पोचणारा प्रकाश चारशे पटींनी कमी होतो. शिवाय एवढ्या लांबून दिव्याचा आकार किंवा भोवतीची काळी चौकट नजरेला उरत नाही. उरतो तो एक लाल ठिपका. तो दिसणार की नाही, हे दिव्याची एकूण तीव्रता आणि भोवतालचा उजेड यांवर ठरते. काळ्या आवरणाने जवळून दिलेला उठाव इथे कामाला येत नाही, त्याने गिळलेला प्रकाश मात्र वजा झालेला असतो.

तो किती वजा होतो, याचे गणित शाळकरी आहे. एका कोटातून ७० टक्के प्रकाश पार होतो असे धरले, तर दोन कोटांतून ४९ टक्के आणि तीन कोटांतून ३४ टक्के होतो. म्हणजे 'हलकेच तीन हात मारले' याचा अर्थ दोन तृतीयांश प्रकाश अडवला, असा होतो. एका कोटातून निम्माच पार होत असेल, तर दुसऱ्या कोटाला पाव भाग उरतो. डब्यातून उडालेल्या फवाऱ्याची जाडी हाताच्या वेगावर आणि अंतरावर अवलंबून असल्यामुळे डावा आणि उजवा दिवाही सारखा मंद होत नाही.

आता हे प्रमाण खऱ्या दिव्याला लावून पाहावे. भारतातील वाहनांच्या दिव्यांसाठी एआयएस-०१२ हे मानक आहे आणि त्याचा आधार संयुक्त राष्ट्रांची वाहन-नियमावली आहे. त्या नियमावलीतील क्रमांक ७ प्रमाणे रात्री सतत लागलेल्या मागच्या लाल दिव्याची, म्हणजे रोजच्या भाषेत पार्किंग लाईटची, मुख्य अक्षावरची तीव्रता किमान ४ आणि नेहमीच्या एकेरी दिव्यासाठी कमाल १७ कँडेला असते. ब्रेकलाईटची तीव्रता किमान ६० कँडेला लागते. दोन्ही लालच असल्यामुळे 'ही गाडी पुढे चालली आहे' आणि 'ही गाडी थांबते आहे' हे दोन निरोप वेगळे ओळखू येतात ते मुख्यतः या अंतरामुळे. साध्या बल्बमध्येही हाच हिशेब बसवलेला असतो. दुहेरी फिलामेंटच्या बल्बची एक तार ५ वॅटची आणि दुसरी २१ वॅटची असते. पहिली सुमारे ३५ ल्युमेन प्रकाश देते, दुसरी सुमारे ४४०.

साठ कँडेलाच्या ब्रेकलाईटवर पाव भाग प्रकाश सोडणारे दोन कोट चढले की उरतात १५ कँडेला. ही तीव्रता पार्किंग लाईटच्या मर्यादेत बसते. रात्री मागून येणाऱ्याला पूर्ण ब्रेक दाबलेली ती गाडी शेजारच्या लेनमध्ये सरळ चाललेल्या गाडीसारखीच दिसू शकते. दिवा 'दिसतो', यात वादच नाही. त्याचा अर्थ चुकीचा लागतो.

यावर ठरलेले दोन आक्षेप येतात. पहिला असा की कंपनीचे दिवे किमान मर्यादेपेक्षा जास्तच उजेड देतात. बरेचदा देतात. पण ती शिल्लक धूळ, चिखल, जुना होत गेलेला बल्ब, गंजलेला होल्डर आणि पावसाची झड यांच्यासाठी ठेवलेली असते. आंबोलीच्या घाटात जुलैतल्या धुक्यात तिचा शेवटचा थेंबही लागतो. ती आधीच रंगाने खाल्ली असेल, तर धुक्यासाठी काही उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे: पार्किंग लाईट आणि ब्रेकलाईट दोन्ही सारखेच मंद होतात, तेव्हा त्यांच्यातले गुणोत्तर तसेच राहते. राहते, पण मागचा चालक गुणोत्तर मोजत बसलेला नसतो. आरशावरून नजर समोर वळवताच त्याला दिवा जसा दिसेल, तसा तो त्याचा अर्थ लावतो, आणि तुलना करतो ती आजूबाजूच्या इतर गाड्यांशी. दिवसा तर पार्किंग लाईट बंदच असतात, तेव्हा गुणोत्तर कशाचे काढायचे?

या गोंधळाची किंमत मीटरमध्ये काढता येते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. समोरचा ब्रेक मारतो आहे हे कळायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर मागची गाडी पाय ब्रेककडे वळण्याआधीच १४ मीटर पुढे आलेली असते. चार मीटरच्या आतल्या साडेतीन गाड्या ओळीने उभ्या केल्या, तर तेवढी जागा लागते. लाल रंग मुळातच फिका दिसणारी, रंगांधतेचा एक प्रकार असलेली माणसेही रस्त्यावर गाड्या चालवत असतात. त्यांच्यासाठी हा उशीर आणखी वाढतो.

गैरसमज: गाडी बंद असताना टेललाईट काळा असला तरी काय फरक पडतो

बहुतेक टेललाईटच्या आवरणातच, किंवा खाली बंपरवर, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी असलेला एक पट्टा असतो. जवळ जाऊन पाहिले तर त्यावर पुष्कळदा 'आयए' ही दोन रोमन अक्षरे कोरलेली सापडतात. ती रिफ्लेक्टरची खूण आहे. मागून पडलेला हेडलाईटचा प्रकाश आला तिकडेच परत पाठवायचा, एवढेच त्याचे काम. त्याला बॅटरी किंवा बल्ब लागत नाही. वायरिंग जळालेली, रात्री रस्त्याच्या कडेला मेल्यासारखी उभी असलेली गाडी दिसते ती बऱ्याच अंशी त्याच्या जिवावर.

स्प्रे मारताना हा पट्टा वेगळा झाकण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही, आणि नेमके तिथेच नुकसान दुप्पट होते. दिव्याचा प्रकाश रंगाच्या थरातून एकदा बाहेर पडतो, पण रिफ्लेक्टरचा प्रकाश आत जाताना एकदा आणि परतताना एकदा असा दोनदा त्याच थरातून जातो. निम्मा प्रकाश सोडणारा थर रिफ्लेक्टरचा पाव भागच शिल्लक ठेवतो. तीस टक्के सोडणारा थर असेल, तर उरतात ९ टक्के. रंगाचा पृष्ठभाग खरखरीत राहिला, तर त्यातलाही काही प्रकाश भलतीकडे विखुरतो.

गैरसमज: कंपन्या स्वतःच स्मोक्ड टेललाईट देतात, मग घरी केले तर काय बिघडले

कंपनी आधी दिवा तयार करून मग त्यावर रंग मारत नाही. बाहेरचे आवरण गडद ठेवायचे ठरले की आतल्या एलईडींची ताकद, परावर्तक आणि भिंगे त्या हिशेबाने बेतली जातात, रिफ्लेक्टर गरजेप्रमाणे बंपरवर हलवला जातो आणि पूर्ण दिवा प्रयोगशाळेत मोजला जातो. पुण्याची एआरएआय ही अशी चाचणी करणारी संस्था आहे. वेगवेगळ्या कोनांतून बाहेर पडणारी तीव्रता आणि लाल रंगाची छटा ठरलेल्या मर्यादांत बसली, तरच मान्यता मिळते. आवरणाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरे आणि आकडे या मान्यतेची साक्ष असतात. ही मान्यता त्या दिव्याला आहे त्या स्थितीत दिलेली असते. वरून कोट चढला की अक्षरे तशीच राहतात, पण ती ज्याची साक्ष देत होती तो दिवा राहत नाही.

गैरसमज: नको वाटले तर थिनरने पुसून टाकता येते

सगळ्यांत महागात पडणारा सल्ला हाच. ज्याला सवयीने 'काच' म्हटले जाते ते टेललाईटचे आवरण काचेचे नसून बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचे असते. थिनरमधील अ‍ॅसिटोन, टोल्युइन यांसारखी द्रावणे रंगाबरोबर हे प्लॅस्टिकही विरघळवतात. चिंधी फिरवली की आधी काळा रंग निघतो, मग लाल पृष्ठभाग चिकट होतो, आणि सुकल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. या भेगा पॉलिशने जात नाहीत, कारण त्या वरवरच्या नसतात. रंग काढायचाच असेल, तर पाण्यात भिजवलेला बारीक वॉटर पेपर, त्यानंतर रबिंग कंपाउंड आणि भरपूर संयम हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. भेगा पडल्याच असतील, तर पूर्ण दिवा बदलणे एवढाच उपाय उरतो. सोलून काढता येणारा रबरी रंग किंवा फिल्म यांचा हा त्रास कमी असतो, पण ती चिकटवलेली असेपर्यंत प्रकाश तसाच अडतो.

गैरसमज: 'टेललाईट काळा करू नये' असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही

अगदी या शब्दांत लिहिलेले नाही, कारण कायदा दिव्याने काय केले पाहिजे ते सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. इंडिकेटर आणि ब्रेकलाईटसाठी नियम १०२ आहे, रिफ्लेक्टरसाठी नियम १०४. दिवा या अटींत बसत नसेल, तर तो स्प्रेने बसेनासा झाला की चिखलाने, याने फरक पडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार, नियमांत न बसणारा बदल करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्याबद्दल कलम १९०(२) वेगळे आहे. पोलिसांनी आजवर अडवले नाही, हा नशिबाचा दाखला झाला, कायद्याचा नव्हे.

याच ओघात ७० आणि ५० टक्के हे आकडे हमखास फेकले जातात. नियम १०० मधील ते आकडे पुढच्या-मागच्या आणि बाजूच्या खिडक्यांच्या काचांतून किती प्रकाश पार झाला पाहिजे याचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा काळ्या फिल्मवरचा निकालही खिडक्यांबद्दलच होता. टेललाईटला '५० टक्के चालते' हे त्यातून निघत नाही, कितीही आत्मविश्वासाने सांगितले तरी.

थोडक्यात निकाली निघणारे काही समज

*एलईडी दिव्याला स्प्रे चालतो.* एलईडीलाही कमाल मर्यादा असते, त्यामुळे कंपनी वारेमाप जास्त उजेड देऊन ठेवत नाही.

*वरचा तिसरा ब्रेकलाईट उघडाच आहे.* त्याची किमान तीव्रता २५ कँडेला असते. तो खालच्या जोडीच्या मदतीला असतो, त्यांच्या बदली नाही. इंडिकेटरला तर असा जोडीदारही नसतो.

*स्प्रे रंगहीन करडा आहे, त्यामुळे छटा बदलत नाही.* पिवळ्या इंडिकेटरवर दोन कोट मारून तो उन्हात पाहिला की तपकिरी झालेला कळतो.

*रिव्हर्सच्या दिव्यावर मारायला हरकत नाही.* रात्री मागचा कॅमेरा याच दिव्याच्या उजेडात पाहतो, तेव्हा हे नुकसान थेट मालकाचे.

*पीयूसी मिळाली, म्हणजे गाडी नियमात आहे.* पीयूसीमध्ये धूर तपासतात, दिवे नव्हे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असल्यामुळे मधल्या काळात तिचे दिवे आरटीओच्या नजरेखाली येतीलच असे नाही.

*दार लावून घरातच स्प्रे मारला की धूळ बसत नाही.* स्प्रेच्या डब्यातला वायू सहसा ज्वालाग्राही असतो, आणि हार्डनर मिसळलेल्या क्लिअर लॅकरची वाफ फुफ्फुसांना घातक असते. बंद खोलीत धुळीपेक्षा या दोघांची काळजी आधी घ्यावी लागते.

*दुचाकीचा दिवा लहान, त्याने काय होणार.* दिवा लहान असला तरी टक्केवारी तीच असते, आणि दुचाकीच्या मागे बहुधा एकच असतो.