अंधुक उजेडातील दूरचे छायाचित्र : उपकरणांची निवड

आपल्या मंडळाच्या सहलींमध्ये आता कॅमेरा नसलेला सदस्य विरळाच. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर या इंदूरच्या दोन्ही पाणथळ जागांना २०२२ साली रामसर स्थळांचा दर्जा मिळाला, त्यानंतर तर रविवारी पहाटे तेथे लांब नळीच्या लेन्स घेऊन उभे असलेले निदान दोन-तीन डॉक्टर हमखास भेटतात. या मंडळींची तक्रार मात्र बहुधा एकच असते. दुपारी टिपलेला बगळा सुरेख येतो आणि पहाटेच्या धुक्यातील सारस किंवा संध्याकाळी झाडाच्या ढोलीतून डोकावणारा पिंगळा हटकून पुसट येतो. मग प्रश्न येतो, "याहून मोठी लेन्स घ्यावी काय?" या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, आणि ते मला एका प्रसंगातून नीट उमगले.

काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, आमच्या एका शल्यचिकित्सक स्नेह्यांच्या शेतावर रात्री कसले तरी जनावर येऊ लागले. शेत खंडवा रस्त्याच्या बाजूला, रालामंडलच्या टेकडीपासून फार दूर नाही. होळकरांच्या शिकारवाड्याची ही टेकडी १९८९ पासून अभयारण्य आहे आणि तेथे बिबट्याचा वावर आहे, हे इंदूरकरांना ठाऊकच आहे. शेतावरचे एक कुत्रे नाहीसे झाले आणि दोनच दिवसांत 'बिबट्या आला' अशी आवई उठली. शेजारच्या वस्तीत विष घालण्याची भाषा सुरू झाली. शेतमजुरांची पाच-सहा मुले उघड्यावर झोपत असत. त्यांना आत झोपवा, असे मीच सांगितले. बालरोगतज्ज्ञाने दुसरे काय सांगावे? पण पत्र्याच्या खोलीत मे महिन्यातील रात्र म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हते. चौथ्या दिवशी त्यांतील दीड वर्षाची मुलगी ताप आणि शुष्कता घेऊन माझ्याच दवाखान्यात आली. तेव्हा जनावर कोणते, हे निश्चित कळणे आवश्यक होऊन बसले.

मी माझी ७५-३०० मिलिमीटरची झूम लेन्स घेऊन गच्चीवर बसलो. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, सुमारे दीडशे मीटरवरच्या नाल्याच्या काठाने ते आले. मी पंचवीस-तीस छायाचित्रे घेतली. दुसऱ्या दिवशी वनरक्षकाने ती पाहिली आणि अत्यंत आदबीने म्हणाला, "डॉक्टरसाहब, ये तो कुछ भी हो सकता है." त्याचे खरे होते. चार पायांचा एक करडा ओरखडा, एवढेच त्यात होते.

चूक कोठे झाली, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. सूर्य मावळतो त्या क्षणी तो चारशेच्या आसपास उरतो, आणि आपल्याकडे त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत तीन लक्सपर्यंत घसरतो. पौर्णिमेचे चांदणे तर एक लक्सचाही अंश. आपली नेत्रपटले या उतरणीशी इतक्या सहजपणे जुळवून घेतात, की हजारो पटींचा फरक आपल्याला जाणवतच नाही. कॅमेऱ्याला तो जाणवतो. दहा लक्स प्रकाशात, आयएसओ ६४०० ठेवून, एफ/५.६ च्या लेन्सला शटर सुमारे एक-अष्टमांश सेकंद उघडे ठेवावे लागते. हातात धरलेली ३०० मिलिमीटरची लेन्स आणि चालते जनावर! यातून ओरखड्याखेरीज काही निघणे शक्यच नव्हते.

येथे बहुतेक जण अधिक लांबीची लेन्स शोधू लागतात. पण आपण डॉक्टर मंडळी एक गोष्ट रोज अनुभवतो. शॉकमध्ये आलेल्या मुलाला भराभर द्रव द्यायचा असेल, तर आपण लांब आणि बारीक कॅन्युला शोधत नाही. आखूड असली तरी चालेल, पण जाड पाहिजे. लेन्सचेही जवळजवळ तसेच आहे. लांबी प्रतिमा मोठी करते, प्रकाश मात्र आत येतो तो तिच्या मोकळ्या तोंडाच्या रुंदीतून. ही रुंदी काढणे सोपे आहे : लेन्सच्या लांबीला एफ-आकड्याने भागावे. माझ्या लेन्सचे ३०० भागिले ५.६ म्हणजे जेमतेम ५४ मिलिमीटर. ३०० मिलिमीटर एफ/२.८ चे १०७. रुंदी दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट आणि प्रकाशही चौपट. (कॅन्युलात चौथा घात लागतो, येथे वर्ग, एवढा फरक.) हौशी लोकांत लोकप्रिय असलेली १५०-६०० मिलिमीटर एफ/६.३ ही लेन्स पूर्ण लांबीवर ९५ मिलिमीटर देते. तेव्हा तिला 'काळोखातील निरुपयोगी लेन्स' म्हणून हिणवणारेही पूर्ण बरोबर नाहीत. दूरच्या एकाच प्राण्याकडून मिळणाऱ्या प्रकाशाचा विचार केला तर तिची गाठ बरीच वरच्या लेन्सशी आहे. अडचण अशी की ६०० मिलिमीटरवर प्रत्येक थरथर दुप्पट दिसते आणि अंधारात तिचा ऑटोफोकस चाचपडत राहतो.

आयएसओविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. श्रवणयंत्राचा आवाज मोठा करावा, तसे ते आहे. बोलणे मोठे होते आणि खरखरही. म्हणून आयएसओची भीती बाळगू नये, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षाही करू नये. दाणेदार पण रेखीव चित्रातून प्राणी ओळखता येतो. गुळगुळीत पण हललेल्या चित्रातून नाही. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा आग्रहही अनेकदा अनाठायी असतो. प्राणी दूर असेल तर सेन्सरचा बहुतेक भाग रिकामी झाडी टिपण्यातच खर्ची पडतो. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर चोवीस मिलिमीटर रुंद आहे. दीडशे मीटरवरच्या मीटरभर लांबीच्या जनावराची प्रतिमा त्यावर अवघी दोन मिलिमीटर भरते. दुप्पट क्षेत्रफळाचा सेन्सर घेतला तरी ती दोनच राहणार.

थरथर थांबवण्याची सोय हल्ली बहुतेक लेन्समध्ये असते आणि ती उपयुक्त आहे. परंतु ती आपला हात स्थिर करते, समोरचे जनावर नव्हे. चालत्या प्राण्यासाठी एक-साठांश सेकंद ही मी किमान मर्यादा मानतो. निश्चल बसलेल्या घुबडाला एक-पंधरांशही चालतो, अट एवढीच की लेन्स भक्कम टेकलेली हवी. महागड्या ट्रायपॉडइतकेच काम जुन्या पँटच्या पायाची शिवलेली, हरभरे भरलेली पिशवी करते. खिडकीच्या चौकटीवर ती ठेवावी, तिच्यावर लेन्स रोवावी आणि एका दमात आठ-दहा चित्रे घ्यावीत. त्यांतील एखादे स्थिर निघतेच.

प्राणी आधी दिसावा लागतो, म्हणून दुर्बीण हवीच. तिच्याबाबत वयाचा विचार करावा. तरुणपणी काळोखात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते, पन्नाशीनंतर पाचाच्या आसपास. ७×५० ची दुर्बीण सात मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत देते. त्यातील बराचसा आपल्या बुबुळावरच पडून वाया जातो. आमच्या वयाच्या सदस्यांनी ८×४२ घ्यावी, वजनही कमी.

आता सर्वांत स्वस्त उपकरण, ते म्हणजे अंतर. प्राण्याकडून लेन्समध्ये येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. म्हणजे अंतर निम्मे करणे आणि लेन्सची रुंदी दुप्पट करणे, यांचे फळ एकच. पहिले फुकट आहे आणि दुसऱ्याची किंमत मोटारीइतकी. शिवाय मे महिन्यात आपल्या माळव्याची तापलेली जमीन संध्याकाळीही वाफारत असते. दीडशे मीटर हवेच्या त्या लहरींतून कोणतीही लेन्स रेखीव पाहू शकत नाही. अर्थात जवळ जाणे म्हणजे प्राण्याच्या अंगावर जाणे नव्हे. आधीपासून लपून, वाऱ्याची दिशा पाहून, भिंतीआड बसणे.

आणि जेथे माणसाने बसणे योग्य नाही, तेथे कॅमेऱ्याला बसवावे. एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२० च्या दशकात कुमाऊँच्या जंगलात तारेला पाय लागताच उडणाऱ्या फ्लॅशने वाघांची छायाचित्रे मिळवली. आजचा ट्रॅप कॅमेरा त्याचाच वंशज. तो चालत्या उष्ण देहाची चाहूल घेतो आणि अवरक्त प्रकाशात चित्र टिपतो. ८५० नॅनोमीटरच्या दिव्याची मंद लाल ठिणगी दिसते, ९४० ची दिसत नाही, मात्र तिचा पल्ला कमी. उन्हाळ्यात जमीन देहाइतकीच तापली की हे यंत्र कधी कधी चाहूल चुकवते. बिबट्याच्या दोन कुशींवरचे ठसे वेगवेगळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, अशी जोडी लावतात. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे जमली. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात उसाच्या शेतांमधून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या त्या दाट वस्तीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ४.८ प्रौढ बिबटे आणि ५ तरस असल्याचे त्यातून दिसले. म्हणजे अंधारात दिसलेली आकृती तरसाची असण्याचा संभव तेथे बिबट्याइतकाच! मुंबईच्या आरे वसाहतीतील गल्लीत शिरणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांचे २०१६ साली आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले छायाचित्रही, मोठ्या दुर्बिणीसारख्या लेन्सने नव्हे, तर वाटेवर आधी बसवून ठेवलेल्या कॅमेऱ्यानेच साधले.

उष्णतादर्शी कॅमेरा अंधारात प्राणी आहे एवढे झटकन सांगतो, ठिपके की पट्टे हे सांगत नाही. शोधासाठी उत्तम, ओळखीसाठी अपुरा. घुबडाच्या डोळ्यांवर वारंवार फ्लॅश मारू नये, हे नेत्रतज्ज्ञ सदस्यांना सांगायला नकोच. अभयारण्यात छायाचित्रणासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याची अनुमती लागते. ट्रॅप कॅमेरा तर परस्पर लावूच नये. आणि शहरात गच्चीवर लांब लेन्स रोखण्यापूर्वी तिच्या रेषेत कोणाची खिडकी येते, हे पाहावे. शेजाऱ्याला पिंगळ्याचे कौतुक असेलच असे नाही.

खरेदीच करायची तर नव्या कॅमेऱ्याआधी लेन्सला पैसे राखावेत. मिररलेस कॅमेरे आल्यापासून जुन्या पद्धतीच्या ३०० मिलिमीटर एफ/४ किंवा ७०-२०० एफ/२.८ लेन्स वापरलेल्या स्थितीत बऱ्या दरात मिळतात आणि त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यावर ॲडॅप्टरने बहुधा चालतातही. विकत घेण्याआधी एक संध्याकाळ भाड्याने किंवा उसनी वापरून पाहावी.

मीही उसनीच आणली, ३०० मिलिमीटर एफ/२.८. पंपघराच्या खोलीत, नाल्यापासून सत्तर मीटरवर, खिडकीत हरभऱ्यांची पिशवी ठेवून बसलो. लेन्सने चौपट आणि अंतराने साडेचारपट, असा सुमारे अठरापट प्रकाश वाढला होता. तिसऱ्या संध्याकाळी ते आले आणि क्षणभर थांबले. उंच खांदे, मागे उतरती पाठ, मानेवरची आयाळ, पायांवर आडवे पट्टे. चित्र दाणेदार होते, पण वनरक्षकाने एकदाच पाहिले. "लकड़बग्घा," तो म्हणाला. तरस! नाल्यात कोणी मेलेल्या कोंबड्या फेकत असे, त्यासाठी ते येत होते. तो खड्डा बुजवला, विषाची भाषा थांबली, आणि मुलांच्या खाटा मच्छरदाण्यांसह पंपघराच्या गच्चीवर चढवल्या.