खाद्य गोगलगाय

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण प्राणिशास्त्राला धरूनच आहे. तिच्या वर्गाचे नावच ‘उदरपाद’. फ्रान्समध्ये लसूण घातलेल्या लोण्यात शिजवतात ती मुख्यतः ‘हेलिक्स पोमॅशिया’ ही जात. हिने विषारी पाने खाल्लेली असू शकतात, म्हणून आधी तिला काही दिवस उपाशी ठेवतात.

हिवाळ्यात ती जमिनीत शिरून शंखाचे तोंड चुनकट झाकणाने बंद करते. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते, तरी समागम दोघींत होतो. वयात यायला मात्र तिला २ ते ५ वर्षे लागतात. त्यामुळे बेसुमार वेचणी तिला सोसत नाही. म्हणूनच फ्रान्सने १९७९ साली नियम केला: एप्रिल ते जून या काळात वेचणी बंद, एरवीही ३ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचा शंख उचलायचा नाही. अट व्यासाचीच का, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा.