मेहरमशिवाय

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हज हाउसमधून भारताच्या हज समितीचा कारभार चालतो. 2018 पर्यंत या समितीकडे अर्ज करणाऱ्या बाईला सोबत मेहरम, म्हणजे नवरा, बाप, भाऊ, मुलगा असा जवळचा पुरुष दाखवावा लागे. त्या वर्षी पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांना निदान चौघींच्या गटानं जायची मुभा मिळाली. नंतर एकटीलाही अर्ज करता येऊ लागला आणि 2023 मध्ये 4 हजारांहून अधिक भारतीय स्त्रिया मेहरमशिवाय हजला गेल्या.

याच काळात हजयात्रा जिथं होते तो सौदी अरेबियाही झपाट्यानं बदलत होता. जून 2018 मध्ये तिथल्या बायका गाडी चालवू लागल्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये एकवीस वर्षांवरील स्त्रीला पालक-पुरुषाच्या परवानगीविना पासपोर्ट काढण्याचा आणि परदेशी जाण्याचा हक्क मिळाला. सप्टेंबरअखेर पर्यटक व्हिसा सुरू झाला. परदेशी पाहुणीला अबाया, म्हणजे अंगभर पायघोळ झगा, घालण्याची सक्ती उरली नाही, अंग झाकणारे साधे कपडे पुरेसे झाले. पुढच्याच महिन्यात एकट्या बाईला हॉटेलात खोली घेण्याची वाटही मोकळी झाली. 2022 मध्ये मक्का-मदिना वेगवान रेल्वेसाठी महिला चालकांच्या 30 जागा निघाल्या, तर अर्ज आले 28 हजार!

या कौतुकाला एक काळी किनार आहे. गाडी चालवण्याच्या हक्कासाठी लढलेल्या लुजैन अल-हथलूल यांना बंदी उठण्याच्या काही आठवडे आधीच अटक झाली. त्या सुटल्या थेट फेब्रुवारी 2021 मध्ये. पाहुणीला मिळणारा मोकळेपणा आणि घरच्या बाईला मिळणारा हक्क यांची गल्लत करू नये, ती याचसाठी.

मुळात एकट्या बाईनं प्रवासाचा विचार करताना ‘मुस्लिम देश’ म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवणंच चुकीचं. अफगाणिस्तानात डिसेंबर 2021 पासून 72 किलोमीटरपलीकडे जायचं तर बाईबरोबर घरचा पुरुष लागतो. तुर्कस्तानात मात्र कोणी काही विचारत नाही, डोक्यावरून रुमाल घ्यायचा तो मशिदीत शिरताना. तिथली एक पद्धत तर आपल्याकडेही यावी अशी आहे. लांब पल्ल्याच्या बसचं तिकीट काढताना प्रवासी स्त्री की पुरुष याची नोंद होते आणि एकट्या बाईशेजारची जागा अनोळखी पुरुषाला सहसा देत नाहीत.

इजिप्तबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेच्या 2013 च्या पाहणीत 99 टक्क्यांहून अधिक इजिप्शियन स्त्रियांनी छेडछाडीचा अनुभव सांगितला होता. पुढच्या वर्षी तिथं लैंगिक छळ हा कायद्यानं गुन्हा ठरला, पण रस्त्यावरचा त्रास कायद्यानं लगेच थांबत नसतो. कैरोच्या मेट्रोत बायकांसाठी वेगळे डबे आहेत, ते वापरावेत. 1992 पासून ‘लेडीज स्पेशल’ पाहिलेल्या मुंबईकरणीला त्यांचं अप्रूप वाटणार नाही.

तेहरानच्या मेट्रोतही असे डबे आहेत आणि तिथं फेरीवाल्या बायका मोजे, प्रसाधनं असलं काहीबाही विकत असतात. पुरुष प्रवाशाला हे जग दिसतच नाही. घरातला जनानी भाग, हमामातल्या बायकांच्या वेळा, लग्नातला बायकांचा दालनभर गोंगाट इथं प्रवेश मिळतो तो बाईलाच. मीना प्रभूंची ‘इजिप्तायन’, ‘तुर्कनामा’ आणि ‘गाथा इराणी’ ही पुस्तकं मराठी बाईच्या नजरेनं हे देश दाखवतात, म्हणून जाण्याआधी वाचावीत.

इराणमध्ये डोकं झाकण्याचा कायदा परदेशी स्त्रीलाही लागू आहे. सप्टेंबर 2022 मध्ये याच कायद्यावरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाल्यावर देश पेटला आणि अनेक इराणी मुली उघड्या डोक्यानं फिरू लागल्या. पाहुणीनं त्यांची बरोबरी करायला जाऊ नये. आपली सलवार-कमीज आणि ओढणी इथं कामाला येते. इराणवरच्या आर्थिक निर्बंधांमुळे बाहेरची बँक-कार्डं तिथं चालत नाहीत, त्यामुळे रोकड न्यावी लागते.

या सगळ्या देशांतले नियम आणि परिस्थिती वरचेवर बदलते. म्हणून तिकीट काढण्याआधी भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशाविषयीची ताजी सूचना वाचा, दूतावासाचा क्रमांक कागदावरही लिहून ठेवा आणि पहिल्या रात्रीची खोली घरूनच ठरवून निघा.