दोन वणव्यांमधला काळ

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात रान पेटावं, हे खरं तर नवलच. पण होळीच्या सुमारास आगरदांड्याहून दिघीकडे येणाऱ्या फेरीबोटीतून पाहिलं, तर राजपुरी खाडीच्या कडेच्या डोंगरउतारांवर काळे पट्टे दिसतात. एखाद्या रात्री पेटती रेघ उतारावरून वर सरकताना दिसते. आग चढणीला वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला पोचण्याआधीच त्याला भाजून कोरडं करतात.

हे सरपण पाऊसच तयार करतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उतारांवर कमरेएवढं गवत माजतं. पुढचे सात-आठ महिने जवळपास थेंब पडत नाही. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, माघ-फाल्गुनात साग-ऐनाची पानं खाली येतात, आणि एका काडीची वाट पाहत सगळा डोंगर पडून राहतो. काडी बहुतेक वेळा माणसाचीच असते. कोकणात कडक उन्हाळ्यात कोरडी वीज पडून वणवा लागणं फार विरळ. गवत चांगलं येईल म्हणून, वाट मोकळी व्हावी म्हणून, शिकारीसाठी, नाहीतर विडीचं थोटूक टाकलं म्हणून रान पेटतं.

हजारो किलोमीटर उत्तरेला अलास्का, कॅनडा, सायबेरियातही रानं पेटतात. तिथलं गणित अगदी वेगळं आहे. तरीही दोन्हीकडचं रान कसं होईल हे एकाच गोष्टीवर ठरतं: एका वणव्यापासून दुसऱ्या वणव्यापर्यंत झाडाला किती वर्षं मिळतात.

आधी आपल्याकडचं पाहू. वणवा गेल्यावर उतार मेल्यासारखा दिसतो. पण त्या राखेखाली चार बोटांवर शेवळाचा कंद झोपलेला असतो. पहिले पाऊस झाले की रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका ज्या शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, तीच ही भाजी. खाज मारायला काकडं घालून करतात ती. गवताची आग एका जागी काही मिनिटंच थांबते. तिची धग वरवर निघून जाते आणि माती इतकी चांगली आड येते की कंदाला आच लागत नाही. शेवळाचं वर्षभराचं सगळं अन्न त्या कंदात साठवलेलं असतं. म्हणून आधी जमिनीतून थेट कोंब आणि फूल येतं, पान मागाहून. कुळीची भाजी म्हणजे फोडशी, तिचंही तसंच. आग येते तेव्हा ही मंडळी जमिनीवर नसतातच. वणव्याचे महिने आणि त्यांच्या झोपेचे महिने एकच आहेत.

ज्यांना जमिनीवर उभं राहावंच लागतं त्या झाडांनी साल जाड केली. ऐनाचं खोड पाहा: मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल. आग बाहेरून चाटून जाते, आतला जिवंत थर वाचतो. कुंभ्याची गोष्ट तर मला फार आवडते. आगीत टिकणारं हे झाड, आणि त्याच्याच सालीचा धागा पूर्वी तोड्याच्या बंदुकीला वात म्हणून वापरत, कारण तो भडकत नाही, विझतही नाही, संथ धुमसत राहतो. जंजिऱ्याच्या समोरच्या डोंगरांवर कुंभा दिसला की त्या सालीला हात लावून बघावंसं वाटतं.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र लहान दिसणाऱ्या झाडांची आहे. वारंवार जळणाऱ्या उतारावर ऐन, साग, पळस यांची गुडघ्याएवढी रोपं दिसतात. ती गेल्या पावसात उगवली असं आपण समजतो. पण त्यातल्या पुष्कळांची मुळं कित्येक वर्षांची असतात. दर उन्हाळ्यात वरचा कोंब जळतो, दर पावसाळ्यात मुळातून नवा फुटतो. वर काठीएवढं झाड आणि खाली मनगटाएवढं खोड-मूळ, अशी ही उलटी वाढ. झाड जिवंत असतं, जोमदार असतं, पण झाड होऊ शकत नाही. त्याला तीन-चार पावसाळे सलग, मधे वणवा न लागता मिळाले की मुळातल्या साठ्याच्या जोरावर ते झपाट्याने उंच होतं. शेंडा ज्वाळांच्या वर जातो, साल जाड होते, आणि मग पुढच्या वणव्याला ते पुरून उरतं. न मिळाले, तर तो उतार पिढ्यान्‌पिढ्या गवताचाच राहतो.

याच डोंगररांगेत उत्तरेला फणसाड अभयारण्य आहे, मुरूड आणि रोहे तालुक्यांत मिळून सुमारे ५४ चौरस किलोमीटर. कधीकाळी ते जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. तिथल्या पाणथळीच्या जागांना गाण म्हणतात. गाणीच्या आसपास, घळींमध्ये सदाहरित झाडी इतकी दाट की भर मे महिन्यातही खालची पानं ओलसर लागतात. पाऊस तोच, डोंगर तोच, आणि हाकेच्या अंतरावर उघडा गवताळ उतार. एकाच हवामानात दोन रानं कशी काय? सावली असली की गवत वाढत नाही, गवत नसलं की आग आत शिरत नाही, आग शिरली नाही की सावली टिकते. उघड्यावर हेच चक्र उलटं फिरतं: ऊन, गवत, आग, पुन्हा ऊन. दोन्ही रानं आपापलं राज्य राखून असतात. पण सदाहरित झाडांची साल पातळ असते. वणवा दरवर्षी कडेची दोन-चार झाडं जरी घेऊन गेला, तरी तिथे ऊन शिरतं, उन्हामागून गवत शिरतं, आणि सीमारेषा आत सरकते.

ही सरकासरकी फार जुनी आहे. कारवारजवळच्या समुद्रतळातल्या गाळात नद्यांनी वाहून आणलेले परागकण थरावर थर साठले आहेत. ते तपासल्यावर दिसलं की साधारण ३५०० वर्षांपूर्वी घाटातल्या दाट रानाचे परागकण कमी झाले आणि गवताळ, विरळ रानाचे वाढले. हवा कोरडी होत गेल्याची ही खूण आहे.

माणसानेही आग ताब्यात ठेवून वापरली. रायगडात भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. शेण, ऐनाचे टाहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर जमिनीवर पसरून वर मातीचा पातळ थर देतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवतात, म्हणजे आग हळूहळू सरकते. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, पालाश आणि स्फुरद राखेतून रोपाला मिळतं. नत्र मात्र बरंचसं धुरावाटे निघून जातं. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ या समजुतीत म्हणूनच अर्धंच तथ्य आहे: पहिल्या पावसात कोवळं हिरवं लवकर दिसतं, पण दरवर्षी जाळलेली वरकस जमीन हळूहळू निकस होत जाते.

आता उत्तरेकडे जाऊ. तिथे आग लावते ती मुख्यतः वीज, आणि तीही जून-जुलैत, झाडं जागी असताना. कंदात लपायची सोय तिथे फारशी नाही. ब्लॅक स्प्रूस हे झाड आपला वंश शेंड्यावर ठेवतं. त्याचे शंकू राळेने चिकटून बरेचसे बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतात आणि झाड मरत असताना बी खाली सांडतं. वणवे शंभर-दीडशे वर्षांनी येत, तेवढ्यात नवं रान पुन्हा शंकू धरून तयार होई. हजारो वर्षं हे जमून आलं.

आपल्याकडे जमीन झाडाला वाचवते. तिथे जमीनच जळते, आणि हा फरक जबरदस्त आहे. थंडीमुळे पालापाचोळा कुजत नाही. शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर साचतो, त्याखाली कायम गोठलेली माती. उत्तरेकडच्या या गोठलेल्या जमिनींत सगळ्या वातावरणात आहे त्याच्या सुमारे दुप्पट कार्बन आहे. उन्हाळे तापू लागले, तसा तो थर खोलवर कोरडा होऊन जळू लागला. २००७ साली अलास्कात अनाक्टुवुक नदीजवळ वीज पडली आणि झाडंच नसलेला टुंड्रा पेटला. शरद ऋतूपर्यंत सुमारे एक हजार चौरस किलोमीटर जळून सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. काही आगी तर बर्फाखाली हिवाळाभर धुमसतात आणि वसंतात पुन्हा वर येतात.

थर खोल जळला की खालची उघडी माती वर येते, आणि बर्च-ॲस्पेनच्या इवल्याशा बिया तिच्यावर सहज रुजतात. जिथे स्प्रूसचं काळपट रान होतं तिथे पानगळीची झाडं उभी राहतात. दुसरा वणवा लवकर आला, शंकू धरायच्या आत, तर स्प्रूसकडे सांडायला बीच उरत नाही. टुंड्रात जळलेल्या जागी झुडपं वर चढतात; झुडपं बर्फातून डोकं काढतात, ऊन शोषतात, जमीन आणखी तापते. फणसाडच्या गाणीपाशी जे चक्र काही पावलांत पाहायला मिळतं, ते इथे अख्ख्या खंडावर फिरतं आहे. २० जून २०२० रोजी आर्क्टिक वर्तुळाच्या आत सायबेरियातल्या वेरखोयान्स्कला ३८ अंश तापमान नोंदलं गेलं.  २०२३ मध्ये एकट्या कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर रान जळलं. महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्याएवढं.

या दोन मुलखांचा धागा हवेतूनही जोडलेला आहे. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र २००८ पासून आर्क्टिकमधल्या स्वालबार्डवर ‘हिमाद्री’ हे केंद्र चालवतं. गोव्याच्या या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं की उन्हाळ्यात आर्क्टिकमधला समुद्री बर्फ घटणं आणि भारतात मोसमाच्या शेवटी, सप्टेंबरात होणारा अतिवृष्टीचा पाऊस यांच्यात संबंध असू शकतो. वणव्याच्या नजरेने पाहिलं तर सप्टेंबरचा जादा पाऊस म्हणजे उंच गवत, आणि पुढचा उन्हाळा अधिक कडक असला तर तेच अधिक सरपण.

उत्तरेत दोन वणव्यांमधला काळ आता तापमान ठरवतं. दिघीच्या डोंगरांवर तो अजून माणसांच्या हाती आहे, आणि मला हीच मोठी आशेची गोष्ट वाटते. फेब्रुवारीच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढणं, उताराचा एखादा पट्टा ठरवून चार वर्षं न पेटवणं, गवत जाळण्याऐवजी कापून नेणं, ही कामं गावाच्या आवाक्यातली आहेत. तिथे रोपं लावायचीही फारशी गरज पडत नाही. ऐनाची, सागाची, पळसाची मुळं मातीत आधीपासून आहेत. चौथ्या पावसाळ्यात त्यांचे शेंडे माणसाच्या डोक्यावर गेलेले असतात.