एका कथाभागावरून झालेला वाद

1975 सालच्या ऑगस्ट महिन्यात रायपूर परिसरातील अनेक खेड्यांमध्ये दूरचित्रवाणी संच प्रथमच येऊन पोहोचला. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेकडून एका वर्षासाठी मिळालेल्या एटीएस-6 या उपग्रहाच्या साहाय्याने भारताने जो शैक्षणिक प्रयोग केला, त्यासाठी सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेडी निवडण्यात आली होती. तेव्हा मध्य प्रदेशात असलेला रायपूरचा भाग हे त्यांपैकी एक क्षेत्र होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची सुमारे 3 मीटर व्यासाची छत्री, तिला जोडलेला एक संच आणि त्याच्यासमोर जमलेले गावकरी, असे या प्रयोगाचे दृश्य रूप होते. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्यांसाठी, मिळून दिवसाचे चार तास कार्यक्रम होत असत. मात्र कार्यक्रम संपला की तो आकाशातच विरून जाई. तो पुन्हा मागवून पाहण्याचे कोणतेही साधन प्रेक्षकाच्या हाती नव्हते.

त्याच प्रदेशात पंडवानीची जुनी परंपरा आहे. हातात तंबुरा घेऊन गायक महाभारतातील एखादा प्रसंग उभा करतो आणि त्याचा साथीदार, म्हणजे रागी, हुंकार देत, प्रश्न विचारत त्याला पुढे नेतो. या गायनाच्या दोन शाखा मानल्या जातात. वेदमती शाखेचे गायक सबलसिंह चौहान यांच्या पद्यमय महाभारताचा आधार सोडत नाहीत. झाडूराम देवांगन हे या शाखेचे नामवंत गायक होते. कापालिक शाखेत मात्र गायकाच्या स्मरणात आणि कल्पनेत जी कथा वसलेली असते तीच प्रमाण मानतात. तीजनबाईंनी जगभर नेली ती ही शाखा. दोन्हींचा श्रोता एकच असतो आणि आज ऐकलेला भीम कालच्या भीमाहून वेगळा आहे हे तो जाणतो. एका बाजूला ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला स्मरण, अशी ही विभागणी आहे. ज्या वादाची हकीकत आपण आता पाहणार आहोत त्याच्या मुळाशीही हीच विभागणी होती. फरक एवढाच, की तेथील श्रोत्यांना आपण स्मरणाच्या बाजूला उभे आहोत याची जाणीव नव्हती.

रायपूरकडील प्रयोगाची मुदत 31 जुलै 1976 रोजी संपली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 30 ऑक्टोबर रोजी, ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेतील ‘द डेडली असॅसिन’ या चार भागांच्या कथेला प्रारंभ झाला. ही मालिका बीबीसीने 23 नोव्हेंबर 1963 पासून दाखविण्यास सुरुवात केली होती. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे. मालिकेचा नायक केवळ ‘डॉक्टर’ या नावाने ओळखला जातो. बाहेरून पोलिसांच्या निळ्या पेटीसारख्या दिसणाऱ्या, पण आत अफाट मोठ्या असलेल्या यानातून तो काळाच्या प्रवाहात मागेपुढे फिरतो. 1966 मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा निर्मात्यांनी एक युक्ती योजली: डॉक्टरचा देह जीर्ण झाला की तो नवे शरीर धारण करतो. नट बदलण्याची ही व्यावहारिक सोय पुढे कथेचा मूलाधार होऊन बसली.

डॉक्टर कोण आणि कोठून आला, हे प्रेक्षकांना जवळजवळ सहा वर्षे ठाऊक नव्हते. 1969 मधील ‘द वॉर गेम्स’ या कथेच्या अखेरीस त्याचे जातभाई, म्हणजे कालाधिपती, प्रथम पडद्यावर आले. ते गंभीर, अलिप्त आणि सर्वशक्तिमान वाटत. त्यांनी डॉक्टरवर खटला चालविला आणि त्याला पृथ्वीवर हद्दपार केले. त्यानंतर ते अधूनमधून क्षणभर दिसत. पण त्यांच्या ग्रहावर, त्यांच्या घरात, प्रेक्षकांना कोणी नेले नव्हते. ते काम 1976 मध्ये लेखक रॉबर्ट होम्स यांनी केले आणि तेथे त्यांना आढळली जराजर्जर, मानपानात गुंतलेली, आपल्याच इतिहासाचा विसर पडलेली म्हाताऱ्या विद्वानांची एक सभा! राष्ट्राध्यक्षाची हत्या होते, आळ डॉक्टरवर येतो आणि अधिकारी सत्य शोधण्याऐवजी अब्रू राखणारी एखादी कहाणी रचण्याच्या मागे लागतात. जवळजवळ संपूर्ण तिसरा भाग मृत कालाधिपतींच्या स्मृती साठविणाऱ्या एका यंत्राच्या आत, स्वप्नवत अरण्यात घडतो. याच कथेत आणखी एक गोष्ट सहज, कोणाच्या फारशी लक्षात न येण्याजोगी, सांगितली गेली. ती अशी की, कालाधिपतीला बारा वेळाच नवा देह घेता येतो, त्यापुढे नाही.

या कथेवर दोन बाजूंनी टीका झाली. वृत्तपत्रांतून गाजली ती पहिली. तिसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टरचे डोके पाण्याखाली दाबून धरल्याचे दृश्य तसेच गोठवून ठेवले होते आणि पुढे काय झाले हे कळण्यासाठी मुलांना आठवडाभर थांबावे लागणार होते. प्रेक्षकांच्या एका नीतिवादी संघटनेच्या नेत्या मेरी व्हाइटहाउस यांनी त्याविरुद्ध तक्रार केली. बीबीसीने दिलगिरी व्यक्त केली आणि मूळ चित्रफितीतून ते दृश्य कापले. या प्रकरणाची हकीकत नेहमी सविस्तर सांगितली जाते. आपल्या दृष्टीने मात्र दुसरी टीका अधिक बोधप्रद आहे, कारण ती मालिकेवर प्रेम करणाऱ्यांकडून आली.

‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांचा संघ त्याच वर्षी, 1976 मध्ये, स्थापन झाला होता. त्याच्या अध्यक्षांनी संघाच्या नियतकालिकात या कथेचे कडक परीक्षण लिहिले. त्यांचा आणि त्यांच्याशी सहमत असणाऱ्यांचा आक्षेप थोडक्यात असा होता की, देवतुल्य जातीची लेखकाने क्षुद्र नगरपालिका करून टाकली, पूर्वी दाखविलेल्या गोष्टींशी ही कथा जुळत नाही आणि मालिकेतील जादू नाहीशी झाली. उलट बाजूने असे म्हणता येत होते की, हे कालाधिपती ‘आम्ही हस्तक्षेप करीत नाही’ असे सांगत आणि आपली गैरसोयीची कामे मात्र डॉक्टरकडून गुपचूप करवून घेत. त्यांच्यातूनच वारंवार गुन्हेगार निपजत. अशा समाजाचे घर आतून पाहिले तर ते याहून निराळे कसे असेल? होम्स यांनी नवे काही जोडले नव्हते. जे पूर्वी दाखविले गेले होते त्याचा केवळ तर्कशुद्ध अर्थ लावला होता.

‘पूर्वी दाखविलेले’ हा शब्दप्रयोग येथे तपासून पाहावा लागतो, कारण दोन्ही पक्ष ज्या पूर्वीचा हवाला देत होते ते पूर्वीचे भाग 1976 मध्ये कोणालाच पाहता येत नव्हते. ‘द वॉर गेम्स’ सात वर्षांपूर्वी एकदा प्रक्षेपित झाली होती. तेव्हा नऊदहा वर्षांचे असलेले मूल आता तरुण टीकाकार झाले होते. त्या कथेचे पुस्तकरूपसुद्धा 1979 पर्यंत निघाले नव्हते. चित्रफीत महाग असे आणि पुसून पुन्हा वापरता येई. नटांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधने होती. रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नाही. या कारणांनी बीबीसी 1978 पर्यंत जुन्या चित्रफिती पुसत राहिली आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही नष्ट करीत राहिली. 1960 च्या दशकातील नव्वदहून अधिक भागांची चित्रे आजही उपलब्ध नाहीत. त्यांचे ध्वनी तेवढे उरले, तेही संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून घरी फिती भरून घेणाऱ्या मुलांमुळे! 2013 मध्ये नायजेरियातून नऊ भाग परत मिळाल्याची बातमी आली, तेव्हा लंडनमध्ये मोठा आनंद झाला.

म्हणजे 1976 चा वाद एका चित्रफितीची दुसऱ्या चित्रफितीशी तुलना करून झालेला नव्हता. एका बाजूला शनिवारी सायंकाळी नुकताच पाहिलेला भाग होता आणि दुसऱ्या बाजूला बालपणीचे स्मरण. अशा तुलनेत नवा भाग हरणार हे ठरलेलेच असते. बालपणी पाहिलेल्या देवांना सांधेदुखी नसते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘द वॉर गेम्स’ 1990 मध्ये आणि ‘द डेडली असॅसिन’ 1991 मध्ये घरगुती चित्रफितींवर विक्रीस आली. आता कोणालाही दोन्ही कथा लागोपाठ पाहता येऊ लागल्या. तेव्हा ध्यानात आले की, 1969 चे ते उदात्त कालाधिपतीही फारसे उदात्त नव्हते. त्यांनी एका शत्रूचे अस्तित्वच पुसून टाकले होते, त्याच्या ग्रहाला कोंडून ठेवले होते आणि डॉक्टरच्या दोन निरपराध सोबत्यांच्या आठवणी त्यांच्या मनातून काढून घेतल्या होत्या. क्रौर्य तेथेही होते. त्याच्यावर केवळ म्हाताऱ्यांच्या कुरबुरींचा मुलामा नव्हता. हळूहळू चाहत्यांचे मत पालटले आणि एके काळी दूषण दिलेली ही कथा मालिकेतील उत्तम कथांमध्ये गणली जाऊ लागली.

यावरून जुने टीकाकार चुकले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्यांनी जे गमावले ते खरोखरच गमावले होते. जे दार तेरा वर्षे बंद होते ते उघडले की आतली खोली कितीही चांगली असो, बंद दाराची ओढ उरत नाही. होम्स यांच्यानंतरच्या लेखकांनी कालाधिपतींच्या दरबाराच्या कथा पुन्हा पुन्हा लिहिल्या आणि त्यांतील बऱ्याच कंटाळवाण्या निघाल्या. जादू नाहीशी होईल हे भाकीत त्या कथेपुरते खोटे ठरले, तरी तिच्या वारसांपुरते बरेचसे खरे ठरले.

बारा देहांतरांची ती सहज टाकलेली अट मात्र मालिकेच्या गळ्यात अडकली. नट बदलत गेले, मोजदाद वाढत गेली आणि अखेर 25 डिसेंबर 2013 च्या कथेत डॉक्टरला देहांतरांचे एक नवे चक्र बहाल करून सुटका करून घ्यावी लागली. त्यानंतर 1 मार्च 2020 रोजी ‘द टाइमलेस चिल्ड्रेन’ हा भाग दाखविण्यात आला. क्रिस चिबनॉल यांच्या या कथेने सांगितले की, डॉक्टर मुळात कालाधिपतींच्या जातीचाच नाही. तो अन्य कोठून आलेले एक बालक होते आणि हार्टनेल यांच्या आधीही त्याचे अनेक जन्म होऊन गेले, ज्यांची आठवण त्याच्याकडून काढून घेण्यात आली. चाहत्यांमध्ये पुन्हा दुफळी माजली. पहिला डॉक्टर तो पहिलाच असला पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे. त्यांनी पुरावा म्हणून जी बारा देहांतरांची अट पुढे केली, ती ज्या कथेतून आली तिलाच 1976 मध्ये परंपराभंजक ठरविण्यात आले होते. दुसऱ्या पक्षाने त्याच 1976 सालच्या जानेवारीतील ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ ही कथा काढून दाखविली. तीत डॉक्टरचे म्हणून वाटावेत असे आठ अनोळखी चेहरे पडद्यावर झळकून जातात. यावेळी दोन्ही पक्षांजवळ चित्रे होती आणि ती थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहता येत होती. तरीही एकमत झाले नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये, मालिकेला साठ वर्षे झाली त्या निमित्ताने, बीबीसीने आठशेहून अधिक भाग एकत्र खुले केले. त्यांत 1976 च्या दोन्ही कथा होत्या, 2020 चा भागही होता. वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली पहिली कथा मात्र तिच्या लेखकाच्या वारसाशी हक्कांविषयी मतभेद असल्यामुळे त्या संग्रहात घेता आली नाही.