दोन वॅटचा धूर

हळ्ळीखेडच्या (बी) परिसरात रेल्वे आली ती धुराविनाच. इथून जाणाऱ्या बीदर–कलबुरगी मार्गाचं उद्घाटन झालं 29 ऑक्टोबर 2017 ला, आणि वाफेची इंजिनं भारतातल्या ब्रॉडगेजच्या नियमित सेवेतून 1995 मध्येच बाद झालेली. बीदरच्या लोकांनी ती निजामाच्या रेल्वेवर पाहिली, कलबुरगीच्या लोकांनी मुंबई–रायचूर मार्गावर. मधल्या पट्ट्याच्या वाट्याला मात्र थेट डिझेल आलं. तरी या गावाला धूर परका नाही. बीदर सहकारी साखर कारखाना इथलाच. गाळपाच्या दिवसांत अशा कारखान्याच्या चिमणीवर जो पांढरा लोट दिसतो, त्यात धुराइतकाच पाण्याचाही वाटा असतो. कारण भट्टीत जळणाऱ्या बगॅसमध्ये वजनाने जवळपास निम्मं पाणी असतं.

वाफेच्या इंजिनाचंही तसंच होतं. सिलिंडरमधून सुटलेली वाफ चिमणीखालच्या नळीतून जोरात वर फेकली जाई, तिच्या ओढीने भट्टीत हवा खेचली जाई, आणि कोळशाचा धूर व वाफ एकत्र बाहेर पडत. काळा रंग न जळलेल्या कार्बनचा, पांढरा रंग थंड हवेत वाफ निवून झालेल्या पाण्याच्या थेंबांचा. जुन्या छायाचित्रांत इंजिनाचा काळाकुट्ट लोट रुबाबदार दिसतो खरा. पण पुष्कळदा तो कोळसा धड जळत नसल्याची खूण असे. चांगल्या फायरमनला तो आवडत नसे.

आता हेच इंजिन 87 पट लहान करा. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे; तिथे गेलेल्यांना या छोट्या जगाची कल्पना असेल. अशा बहुतेक इंजिनांत बॉयलर नसतो, विजेची मोटर असते. म्हणजे धूर हवा असेल तर तो वेगळा तयार करावा लागतो. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने 1946 मध्ये एक अजब उपाय काढला. इंजिनाच्या दिव्याच्या डोक्याला खळगा ठेवला आणि त्यात अमोनियम नायट्रेटची गोळी टाकायची. शेतीत नत्र खत म्हणूनही वापरतात, तेच हे रसायन! दिव्याच्या उष्णतेने गोळी वितळून धूर निघे. पुढच्याच वर्षी कंपनीने दिवा सोडून तापणाऱ्या तारेचा आधार घेतला.

आजचा धूरसंच मुळात त्याच तत्त्वावर चालतो. जर्मनीच्या झॉयटे कंपनीचे संच जगभर वापरले जातात. चिमणीत बसेल एवढी धातूची नळी, तिच्या आत आणखी एक बारीक नळी, तिच्याभोवती तापणारी तार आणि तळाशी शुद्ध खनिज तेलाचे काही थेंब. बारीक नळीत तेल उकळतं, बुडबुड्यांच्या दाबाने वाफ वर फेकली जाते आणि थंड हवा लागताच तिचे सूक्ष्म थेंब होतात. यात काही जळत नाही. कढईत तेल जास्त तापलं की जो निळसर-पांढरा लोट उठतो, त्याचाच हा सभ्य भाऊ. थेंब प्रकाशाचे सगळे रंग जवळपास सारखे विखुरतात म्हणून लोट पांढरा. काजळी नाही म्हणून तो काळा कधीच होत नाही.

मग खऱ्या इंजिनासारखं पाणीच का नाही उकळायचं? इथे गणित आडवं येतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला, ते तापवण्याचा खर्च धरून, सुमारे 2600 जूल लागतात. अशा तेलाला त्याच्या एक तृतीयांशाहून कमी उष्णता पुरते. संचाला मिळते दोनेक वॅट वीज. तिच्यात पाण्याची वाफ सेकंदाला एक मिलिग्रॅमही होत नाही. बरं, झाली तरी टिकणार कुठे? मे महिन्यातली आपल्याकडची कोरडी हवा तिचे थेंब क्षणात पिऊन टाकते. तेलाचे थेंब सावकाश विरतात, म्हणून डोळ्यांना दिसतात.

तरीही जाणकाराच्या नजरेला हा धूर खटकतोच. इंजिनाचा वेग 87 पट कमी करता येतो, पण गरम हवा वर चढण्याचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे नऊ पटींच्या आसपासच घटतो. ताशी 80 किलोमीटरने धावणाऱ्या खऱ्या गाडीचा धूर मागे लोळत जातो. छोट्या गाडीचा, सेकंदाला 25 सेंटीमीटर पळत असतानाही, सरळ वर उठू पाहतो. चित्रपटवाले लहान प्रतिकृतींचं चित्रण जास्त फ्रेम घेऊन, नंतर संथ करून दाखवतात ते याचसाठी. खोलीतल्या गाडीला ती सोय नाही. महागड्या इंजिनांत मग छोटा पंखा बसवतात. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ सोडतं, त्या तालावर पंखा धूर ढकलतो. धुराची दिशा त्याने सुधारत नाही, पण ‘झुक झुक’ आवाजाशी तो जुळतो, आणि माझ्या मते निम्मी गंमत तिथेच आहे.

घरात असं इंजिन असेल तर खिडकी उघडी ठेवा. हे तेलाचे थेंब श्वासातून आत जातात, आणि बाकीचे रुळांवर बसून चाकांना मिळणारी वीज अडवतात. म्हणून रूळही पुसत जा. संच काठोकाठ भरू नका. बारीक नळी बुडली की धूरच येत नाही. तेल संपलं म्हणून गोडं तेल ओतू नका, ते जळून चिकट होतं आणि नळी बुजते; रॉकेलचं तर नावही नको, आग लागेल. आणि धूर थांबला की आधी संचाची वीज बंद करा, कारण तार कोरडी तापत राहिली तर जळते आणि नवा संच घ्यावा लागतो.